एकही चूक नाही

नवनीत सरांनी निळ्या पुठ्ठ्याची वही इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि पानात बोट घालून विचारलं, "यातलं कोणतं वाचू? लेडीजचं की बॅकसाईडचं?"

ममता त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर दाबत होती. वहीला चटका बसू नये म्हणून ती बाजूला सारत म्हणाली, "तुमले जे वाटई ते वाचा."

"तुम्हाला जे वाटेल ते," सर म्हणाले. आवाज चढवून नाही, सवयीने. "आज तरी सांभाळ. आज माईक आहे."

आज सरांची सेवापूर्ती होती. शहाद्याच्या एका मंगल कार्यालयात अकरा वाजता सपत्नीक सत्कार आणि नंतर जेवण. पत्रिकेत 'सौ. ममताताईंचे मनोगत' असंही छापलं होतं. ते शाळेतल्या शिक्षिकांनी हट्टाने घालायला लावलं होतं. सरांनी ते वाचलं तेव्हा ते नुसतेच हसले होते.

वहीबद्दल गावात सगळ्यांना माहीत होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत सरांच्या कानावर आलेली प्रत्येक चूक तीत होती. कोण बोललं, कुठे बोललं, कोणत्या महिन्यात, सगळं व्यवस्थित. 'एक लेडीज आली होती.' 'घराच्या बॅकसाईडला म्हैस बांधली.' 'माझी फॅमिली बाळंत झाली.' 'आमचे आजोबा काल एक्सपायरी झाले.' डोंगरातल्या मुलांची पानं वेगळी होती. 'बाई आला', 'वडील गेली', 'माझा आई'. ज्या मुलांच्या घरात मराठी कधी बोललीच गेली नव्हती त्यांची ही पहिली-दुसरी वाक्यं असायची. स्टाफरूममध्ये सर ती वाचत आणि लोक पोट धरून हसत. सर वाईट नव्हते. फीसाठी अडलेल्या मुलाचे पैसे गुपचूप भरणारे होते. पण त्यांच्यासमोर बोलताना माणसं जरा चाचपून बोलत, एवढं खरं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ममताचीही त्या वहीत दोन पानं भरली होती. नंतरच्या वर्षांत तिची एकही नोंद नाही. सर हे आपल्या शिकवण्याचं यश समजत. चारचौघांत बायको तोंडच उघडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आज मात्र तिला बोलायचं होतं. तिने ते कागदावर लिहिलं नव्हतं, कारण कागद दिसला की सरांचं लाल पेन निघालं असतं. पंधरा दिवस भाकरी थापता थापता तिने पाठ केलं होतं. सातच वाक्यं होती, आणि ती सगळी गोवालसाठी होती.

गोवाल अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आश्रमशाळेत कामाठी, म्हणजे वरकामाचा माणूस, होता. सरांची पहिली नेमणूक तिथलीच. त्यांची मुलगी दिपाली तेव्हा चार वर्षांची. ऑगस्टचा महिना, पुराने रस्ता तोडलेला, सर नंदुरबारला इंग्रजीच्या प्रशिक्षणाला गेलेले, आणि पोर तापाने फणफणलेली. पहाटे तिचे डोळे फिरले. गोवालने तिला घोंगडीत गुंडाळून पाठीला बांधलं आणि तीन नाले कमरेइतक्या पाण्यातून ओलांडून डांबरी रस्ता गाठला. ममता मागे धावत होती. अक्कलकुव्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाई जेवायला निघाल्या होत्या. गोवाल त्यांच्या वाटेत हात जोडून उभा राहिला. डॉक्टरबाई परत फिरल्या आणि दिपाली वाचली.

पुढच्याच वर्षी बदली झाली. गोवालला कधी पत्र गेलं नाही, कधी त्याच्या घरी साडीचोळी नाही, साधं आभाराचं बोलणंसुद्धा नाही. ममताला ते आत कुठेतरी टोचत राहिलं. म्हणून या वेळी तिने स्वतः एका जीपवाल्याकडून त्याचा फोन नंबर मिळवला आणि आग्रहाने बोलावलं. पोरीच्या आईने बोलावलंय म्हटल्यावर येणार नाही असं कसं होईल? गोवाल आला.

हॉल भरलेला होता. गोवाल शेवटून दुसऱ्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसला होता. केस सगळे पांढरे झाले होते. ममताने व्यासपीठावरून त्याला ओळखलं आणि मान हलवली. त्यानेही हलवली.

सूत्रसंचालन करणारा तरुण शिक्षक म्हणाला, "आता सरांचा आणि सरांच्या फॅमिलीचा सत्कार..."

"पत्नीचा," सरांनी खुर्चीतूनच दुरुस्त केलं. पहिला हशा तिथेच पिकला. तो शिक्षक लाल झाला, मग तोही हसला. बिचारा दुसरं काय करणार?

शाल, श्रीफळ, साडी झाली. सर बोलायला उठले ते वही घेऊनच. लोकांना हेच हवं होतं. 'लेडीज' झालं, 'बॅकसाईड' झालं, संस्थेच्या अध्यक्षांनी डोळे पुसले. सर रंगात आले. त्यांनी पानं मागे उलटली, अगदी सुरुवातीकडे.

"आता हे माझ्या डोंगरातल्या दिवसांचं," सर म्हणाले. "आमच्या आश्रमशाळेत एक गोवाल नावाचा कामाठी होता. तो एका डॉक्टरबाईंना काय म्हणाला ऐका." त्यांनी हेल काढून, हात जोडून वाचलं, "ह्या पोरगीला इमर्जन्सी झाला, बाई, तू लवकर आला पाहिजे, नाहीतर तो मरतो."

हॉल दणाणला.

"आता मला सांगा," सर म्हणाले, "मरतोय कोण, पोरगा की पोरगी? आणि येणार कोण, डॉक्टरबाई की डॉक्टरबुवा?"

ममताचे कान तापले. सरांनी ती पोर कुणाची हे सांगितलं नाही. कदाचित त्यांच्या लक्षातही नसेल, कारण त्यांच्या वहीत आजाऱ्याचं नाव लिहायची पद्धत नव्हती. तिने शेवटून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. गोवालही हसत होता. शेजारचे हसतात म्हणून माणूस हसतो तसं. मग त्याने पिशवी उचलली, गुडघे आवरत रांगेतून वाट काढली आणि तो दाराबाहेर पडला.

ममता उठली. "बाथरूम," असं शेजारच्या शिक्षिकेच्या कानात पुटपुटून ती मागच्या पायऱ्यांनी उतरली आणि नवी साडी सावरत फाटकापर्यंत जवळजवळ पळत गेली.

"गोवालभाऊ, थांबा ना! जेवण करी जा."

गोवाल थांबला. फाटकावरच्या कर्ण्यातून सरांचा आवाज येत होता, पुढचं वाक्य, पुढचा हशा.

"गाडी चुकेल, बाई. अक्कलकुव्यावरून वर जायला नंतर जीप मिळत नाही." तो एकेक शब्द तपासून घेत असल्यासारखा सावकाश बोलत होता. त्याच्या मराठीत आता एकही चूक राहिली नव्हती.

"सरसनं मनवर लेऊ नका, भाऊ. त्यासनी ती सवयच शे."

"सरांचं काही नाही." गोवालने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण सर तर नंदुरबारला होते ना, बाई, त्या दिवशी? दवाखान्यात मी होतो, डॉक्टरबाई होत्या आणि तुम्ही होतात."

तो रागावला असता तर ममताला बरं वाटलं असतं. पण त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता हिशेब जुळल्यासारखा थकवा होता.

तिला ती संध्याकाळ लख्ख आठवली. तिसऱ्या दिवशी सर परत आले, दिपाली उठून पेज पीत होती, आणि ममता गोवालची नक्कल करून दाखवत होती. हात जोडून, तसाच हेल काढून. पोर हाती लागल्याचं हसू होतं ते, भीती उतरल्यावरचं. हसता हसता तिला रडूही आलं होतं. सरही हसले होते, आणि हसतच त्यांनी वही ओढली होती. त्यांनी काय लिहिलं ते तिने तेव्हा विचारलं नव्हतं.

"हा आमचूर घ्या. दिपालीताईला द्या," गोवाल म्हणाला. "तो..." तो अडखळला, कर्ण्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा सुरुवात केली. "ती बरी आहे ना?"

ममताच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाच मिनिट थांबा, भाऊ. आते मन्हाच नंबर शे. मी सगळासमोर सांगसू. मन्ही पोर तुम्ही वाचाडी, आणि ते बोलणं मी सरसले सांगं, हसीसन सांगं, हे बी सांगसू. आठे कर्णावर तुमले ऐकू येई."

गोवालने रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सांगा, बाई," तो म्हणाला आणि फाटकाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

ती आत आली तेव्हा तिचंच नाव पुकारलं जात होतं. आमचुराची पिशवी हातात तशीच घेऊन ती माईकपाशी गेली. सर मागे खुर्चीत बसले होते. "थोडक्यात," ते हळूच म्हणाले, "आणि शुद्ध."

ममताने समोर पाहिलं. तीनशे तोंडं, अजून हसून ओली झालेली, पुढचं हसू तयार ठेवून बसलेली. दारातून फाटक दिसत होतं आणि खांबाला टेकलेलं पांढरं डोकं. सातही वाक्यं तिला पाठ होती. पहिलं वाक्य 'मन्ही पोर' असं जिभेवर आलं. तिने ते मागे घेऊन 'माझी मुलगी' केलं. मग 'वाचवली' की 'वाचवलं', यापाशी ती अडली. मागे खुर्ची करकरली. सरांच्या मांडीवर वही उघडी होती आणि सदऱ्याच्या खिशाला पेन होतं. ते पेन तिला न पाहताही दिसत होतं.

पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"जेवण तयार आहे," ममता म्हणाली. तिचा आवाज कर्ण्यातून बाहेर गेल्याचं तिला ऐकू आलं. "सर्वांनी जेवून जावे. कुणीही न जेवता जाऊ नये."

टाळ्या पडल्या. तिने फाटकाकडे पाहिलं. गोवाल खांबापासून सरळ झाला, अंगातला सदरा झटकला आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागला. मागे वळून त्याने पाहिलं नाही, आणि का पाहावं त्याने?

ती खुर्चीत येऊन बसली. पिशवी तिने पायाशी ठेवली. सरांनी वही मिटून खिशातलं पेन नीट केलं आणि तिच्याकडे झुकून, चौतीस वर्षांत पहिल्यांदाच इतक्या कौतुकाने म्हणाले, "बघ, जमलं की नाही? एकही चूक नाही."