पाचव्या गाण्याचा ठेका

ऋतुराजने गुंडाळून ठेवलेली केबल पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. मृणाल अजून आली नव्हती. समोर स्टुलावर बसून सान्वी फोनवरचं परीक्षण मोठ्याने वाचत होती, दोन दिवसांत तिसऱ्यांदा.

"'चार वाघ एका रानात आले आणि एकमेकांना वाट देत बसले.' ठीक आहे, चालेल. पण हे ऐका. 'सान्वीचा आवाज इतका सभ्य कधीच नव्हता.' सभ्य म्हणे."

"बंद कर ना ते," सुशांत म्हणाला. तो भिंतीला टेकून बेसच्या तारा जुळवत होता.

"शेवट तर ऐक. 'संपूर्ण अल्बममध्ये एकच माणूस जागा आहे, तो म्हणजे मृणाल. निदान पाचव्या गाण्यातला तिचा ठेका ऐका.'" सान्वीने फोन पालथा ठेवला. "चला, एक तरी सुटली."

ऋतुराजने केबलचं वेटोळं खुंटीला अडकवलं.

'संगनमत' या नावाखाली हे चौघं एकत्र येणार असं जाहीर झालं, तेव्हा ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्याची चर्चा झाली होती. चौघांचे चार वेगळे बँड होते आणि चारही बँडनी दहा-दहा वर्षं कॉलेजांची मैदानं गाजवलेली. 'पहारा' हा त्यांचा पहिला अल्बम येऊन एकोणीस दिवस झाले होते. लोकांनी पहिल्या दिवशी तो आवडीने लावला आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या जुन्या गाण्यांकडे परत गेले. शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं. भेटेल तो 'छान आहे' म्हणायचा आणि विषय बदलायचा. रविवारी ठाण्यात प्रकाशनाचा कार्यक्रम होता. त्याआधी आज एक पत्रकार मुलाखतीला यायची होती, इथेच, डोंबिवली एमआयडीसीतल्या या सरावाच्या खोलीत. पूर्वी इथे पुठ्ठ्याचे खोके बनायचे. शेजारच्या कंपनीचा उग्र वास आत येतो म्हणून खिडक्या कायमच्या बंद असत.

ज्या ठेक्याचं परीक्षणात कौतुक होतं, तो मृणालने वाजवलेला नव्हता. हे ऋतुराजला ठाऊक होतं, कारण तो त्यानेच बनवला होता.

फेब्रुवारीत ठाण्याच्या स्टुडिओत मृणाल आपल्या वडिलांना घेऊन आली होती. जगन कांबळे कल्याणच्या रेल्वे शेडमधून निवृत्त झालेले. विठ्ठलवाडीच्या भीमगीतांच्या पार्टीत चाळीस वर्षं त्यांनी ढोलकी वाजवली. पाचव्या गाण्याचा ठेका मूळ त्यांचा. लेकीला त्याची चाल सापडावी म्हणून ते काचेपलीकडच्या खोलीत ढोलकी घेऊन बसले आणि ती त्यांच्याकडे बघत ड्रम्स वाजवत गेली; दोघांचंही रेकॉर्ड झालं. तो ठेका पाचव्या मात्रेवर किंचित रेंगाळायचा आणि मग धाव घ्यायचा. अल्बमची जुळवाजुळव ऋतुराजकडे होती; घरी आल्यावर त्याने ते रेकॉर्डिंग सान्वीच्या गाण्याखाली ठेवून पाहिलं. सान्वी महिनाभर आधी हेडफोनमधल्या यंत्राच्या एकसारख्या टिकटिकीवर गाऊन गेली होती. दोन्ही जुळेनात. अल्बमची तारीख जाहीर झालेली. त्याने तीन दिवस बसून कॉम्प्युटरवर सगळे ड्रम्स नव्याने रचले, प्रत्येक ठोका जागच्या जागी. मृणालला उद्या फोन करू, असं त्याने ठरवलं. मग मे महिन्यात तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा ही वेळ नव्हे असं ठरवलं. त्यानंतर ठरवायचंच सोडून दिलं.

परवा ते परीक्षण वाचलं तेव्हा पहिल्या क्षणी त्याला आनंद झाला होता. ते आठवून आताही त्याचे कान तापले.

दार ढकलून मृणाल आत आली. हेल्मेट कोपऱ्यात ठेवत म्हणाली, "सॉरी. बाबांना फिजिओकडे सोडायला गेलेले."

"कसे आहेत?" सुशांतने विचारलं.

"चालतात आता. उजव्या हाताला पकड नाही अजून."

तिने ऋतुराजकडे पाहून मान हलवली, रोजच्यासारखीच. तो त्या मान हलवण्याचा अर्थ लावत राहिला. गेले एकोणीस दिवस तो हेच करत होता.

पत्रकार संचिता पाठोपाठच आली. स्टेशनवरून रिक्षाने आल्याने केस विस्कटलेले, पण प्रश्न नीट लिहून आणलेले. सान्वीला आणि सुशांतला तिने दोन-दोन प्रश्न विचारले. दोघांनी एकमेकांचं कौतुक केलं. मग ती मृणालकडे वळली.

"मॅडम, पाचव्या गाण्यात इतका अवघड ठेका इतका स्वच्छ वाजतो. कसा बसवलात?"

मृणाल ड्रम्सची झांज पुसत होती. फडकं थांबलं नाही.

"मी नाही बसवला."

ऋतुराज उगाच वाकून गिटारच्या वायरची पिन तपासू लागला.

"वडिलांचा आहे तो," मृणाल पुढे म्हणाली. "लहानपणापासून ऐकत आले."

"अरे वा. मग त्यांनी अल्बम ऐकला असेलच. काय म्हणाले?"

"पाचवं गाणं लागल्यावर विचारलं, कोण वाजवतंय?"

संचिता हसली आणि तिने ते लिहून घेतलं. सान्वीही हसली. ऋतुराजची बोटं पिनवर तशीच राहिली.

"थोडं वाजवून दाखवता? व्हिडिओ घेते."

मृणालने हात पुसले, ड्रम्सपुढचं स्टूल जवळ ओढलं आणि सुरू केलं.

चार मात्रांतच ऋतुराजने वर पाहिलं. पाचवं गाणं त्यांनी सरावात अजून घेतलंच नव्हतं, आणि हा तिचा ठेका नव्हता. पाचव्या मात्रेवर ती रेंगाळली नाही. प्रत्येक ठोका कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या चौकटीत बसवल्यासारखा येत होता, आणि त्या चौकटी त्याला तोंडपाठ होत्या. कडव्यानंतर एका ठिकाणी चुकून माउस सरकला होता आणि झांजेचा एक जादा ठोका पडला होता. कोणाच्या लक्षात येणार, म्हणून त्याने तो तसाच ठेवला होता. ती जागा जवळ आली. मृणालचा डावा हात उचलला गेला आणि तो जादा ठोका बरोबर तिथेच पडला. त्या क्षणी तिने पहिल्यांदा सरळ ऋतुराजकडे पाहिलं. मग पुन्हा मान खाली घालून तिने गाणं शेवटपर्यंत नेलं.

"अगदी अल्बमसारखंच," संचिता म्हणाली. खुशीत तिने सामान आवरलं. तिला रिक्षा मिळवून द्यायला आणि येताना चहा आणायला सान्वी आणि सुशांत बाहेर पडले.

दार लागलं. शेजारच्या कंपनीतल्या पंपाची घरघर भिंतीतून येत होती.

"कधी कळलं?" ऋतुराजने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. माझा हात मला ओळखू येणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलेले." तिने काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या. "मग ते परीक्षण आलं. सगळ्यांचे फोन. आई पेढे वाटून आली. आता कोणाला सांगू? बसवायला तर पहिल्या दिवसापासूनच घेतलेलं. म्हटलं, रविवारी लोक तेच ऐकायला येणार. तेच बसवायला हवं."

"जुळत नव्हतं, मृणाल. सान्वीचं आधी रेकॉर्ड झालेलं. मला वाटलं, तुला सांगितलं तर तू भांडशील."

"भांडले असते. सान्वीला परत गायला लावलं असतं. तिलाही ते हवंच होतं, मला बोललेली ती." तिने झांजेचं फडकं घडी घालून बाजूला ठेवलं. "आपण कोणीच कोणाला काही बोललो नाही रे. सहा महिने नुसतं, छान झालंय, छान झालंय."

ऋतुराज गिटारच्या खोक्यावर बसला. माफी मागायला हवी होती, पण तो शब्द आता फार छोटा वाटत होता.

"जाऊ दे ते," मृणाल म्हणाली. "अल्बमवर काय लावायचं ते तू लावलंस. मला फक्त त्या दिवशीचं रेकॉर्डिंग दे."

"कशाला?"

"बाबांची ढोलकी आहे त्यात. चाळीस वर्षांत त्यांचं कुठे काही रेकॉर्ड झालं नाही. स्टेजवर गाणाऱ्याला माइक असायचा, ढोलकीला कोण देतंय? आता तर हात चालत नाही. परवा मला म्हणाले, तो ठेका कसा होता गं, दाखव. मी वाजवायला बसले तर हातातून हेच येतंय. एकोणीस दिवस हेच घोटलंय ना. मूळचा नीट सापडतच नाही."

ती पहिल्यांदाच थोडी हसली, ओशाळल्यासारखी.

"त्यांना एकदा ऐकवते. मलाही बघायचंय, कुठे थांबायचे ते."

ऋतुराजने टेबलावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. जूनमध्ये डिस्क भरली होती. लागत नाही ते काढून टाकताना त्या फाइलींवरही बोट पडलं होतं. खरंच काढायचं का, असं कॉम्प्युटरने रीतसर विचारलं होतं आणि त्याने 'हो' दाबलं होतं. इतकं सहज की त्या वेळी तो दुसऱ्या कोणाशी तरी फोनवर बोलत होता.

'शोधतो' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. आठवडाभर शोधता आलं असतं. मग स्टुडिओत विचारतो म्हणता आलं असतं.

"नाहीये," तो म्हणाला. "डिलीट केलं मी. स्टुडिओतही नसणार, ते महिनाभरच ठेवतात."

मृणालची नजर त्याच्यावर होती, पण ती काही बघत असेल असं वाटेना. तिने काठ्या उचलल्या, त्यांची टोकं एका रेषेत आली का ते पाहिलं, पुन्हा मांडीवर ठेवल्या.

दार उघडून सान्वी आणि सुशांत चहा घेऊन आत आले. बाहेरचा आंबूस वास त्यांच्यासोबत आला. सान्वी दारातच थबकली.

"काय झालं?"

"काही नाही," मृणाल म्हणाली. "पाचवं घेऊया."

"चहा तरी पी."

"आधी हे घेऊया."

सुशांतने बेस गळ्यात अडकवला. ऋतुराज उठला, गिटार घेतली आणि उभा राहिला. मृणालने काठीवर काठी मारून चार मात्रा दिल्या. चौथ्या मात्रेनंतर ऋतुराजने सुरुवात करायची होती. त्याचा हात तारांवर पोहोचलाच नाही.

मृणालने त्याच्याकडे पाहिलं नाही आणि वाजवायची थांबलीही नाही. ठेक्याची पाचवी मात्रा आली आणि न रेंगाळता जागच्या जागी पडली.