भिंतीवर उतरलेली पानगळ

रात्रपाळी करणाऱ्याला ऋतू दोनच, असं सिस्टर म्हणायची. एक स्वेटर घालून कामावर जायचा आणि दुसरा स्वेटर न घालता जायचा. दवाखान्यात रात्रभर जागून ती उजाडता उजाडता घरी यायची, आणि बाहेर जग कामाला लागलं की ही अंथरुणात शिरायची. झोपायच्या खोलीच्या खिडकीला तिच्या नवऱ्यानं आतून लाकडी फळ्यांचं झाकण बसवलं होतं. तो बसच्या आगारात मेकॅनिक, त्यामुळे काम कसं, एकदम पक्कं. झाकण लावलं की भर दुपारी डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार व्हायचा.

सिस्टर हे नाव तिला इमारतीनं दिलेलं. कुणाला ताप आला, कुणाचं बोट कापलं, की हाक यायची. ऐकून ऐकून सासूबाईही तिला सिस्टरच म्हणू लागल्या. "सासूनं सुनेला बहीण करून टाकलं," तिचा नवरा म्हणायचा. "आता मी भांडण लावायचं तरी कुणाकुणात?"

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. मागच्या हिवाळ्यात सासूबाई जिन्यात घसरल्या होत्या. हाड जुळलं, पण धीर काही जुळला नाही. तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. "जिना नुसता बघितला ना, तरी पोटात गोळा येतो गं," त्या म्हणायच्या. कुणी फार आग्रह केला की "उद्या बघू" म्हणून स्वयंपाकघरात निघून जायच्या. ते स्वयंपाकघर मात्र त्यांनी राज्यासारखं चालवलं. मुलगा येताना बाजारातून जे काय नवं आलं असेल ते आणायचा: लाल भोपळा, अळंबी, नासपती, सफरचंदं. ओट्यावर पिशवी रिकामी झाली की आधी फोन निघायचा, मग सुरी.

कारण सून झोपलेली असताना दिवस कसा गेला, ते सासूबाई तिच्यासाठी फोनात साठवून ठेवत. संध्याकाळी सिस्टर डोळे चोळत टेबलाशी आली की फर्मान सुटायचं, "आधी फोटो, मग जेवण." रस्त्यापलीकडचं मोठं झाड, रोज एक, आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात सासूबाईंचा अंगठा. मधोमध चिरलेला भोपळा, पोटात दिवा लावल्यासारखा. काचेला चिकटलेलं ओलं पान. नासपतीच्या सालीचं न तुटलेलं वेटोळं. सुपाच्या पातेल्याचा फोटो तर वाफेनं कायमच आंधळा. पण तेच सूप पुढ्यात यायचं, वर मिरपूड आणि लोण्याचा गोळा. ते पिता पिता सिस्टर फोनात झाड पिवळं होताना बघायची. तिची पानगळ ती एवढीच.

त्या दुपारी तिला जाग आली ती वासानं. सफरचंदं भाजली जात होती, दालचिनी घालून. डोळे किलकिले करून ती तशीच पडून राहिली, आणि समोरच्या भिंतीवर तिला रंग दिसला.

पिवळा. भिंतभर. आणि तो हलत होता.

त्यातून बारीक बारीक ठिपके सुटत होते आणि सावकाश, गिरक्या घेत, वर छताकडे जात होते. सिस्टरनं काय करावं? तिनं आधी स्वतःची नाडी बघितली. नाडी ठीक होती. मग कपाळाला हात लावून बघितला. तापही नव्हता. तेवढ्यात खाली रस्त्यावर सायकलची घंटी वाजली, आणि छताच्या कडेनं एक चिमुकली सायकल, चाकं वर, डोकं खाली करून, झरझर सरकत गेली.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. झाड होतं ते. समोरचं झाड, उलटं टांगलेलं, फांदी न् फांदी. खाली फरशीलगत निळं आभाळ साचलं होतं.

"आई!" तिनं हाक मारली.

हातात चमचा तसाच धरून सासूबाई लगबगीनं दारात आल्या. "पडलीस की काय?"

"नाही हो! आत या आणि दार लावा आधी."

दार लागलं. अंधाराला डोळे सरावायला सासूबाईंना जरा वेळ लागला. मग त्या चाचपडत पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला.

"आपलंच झाड?" त्यांनी अगदी हळू विचारलं, मोठ्यानं बोललं तर उडून जाईल अशा धास्तीनं.

"आपलंच."

"पानं वर चाललीत गं. सगळी वर चाललीत."

सिस्टर उठून खिडकीशी गेली. कोरड्या थंडीनं फळ्या आकसल्या होत्या आणि एका फळीतली लाकडाची गाठ गळून पडली होती. वाटाण्याएवढं भोक, त्यातून उजेड आत येत होता. तिनं भोकावर हात धरला, भिंत काळी झाली. हात काढला, झाड परत आलं.

"तुमच्या फोनातसुद्धा असंच होतं म्हणे," ती म्हणाली. "एक अंधारी पेटी आणि तिला एक भोक."

सासूबाईंनी जरा विचार केला. "म्हणजे इतकी वर्षं तू कॅमेऱ्यात झोपत होतीस?"

मग दोघींना काही सुचेनासं झालं आणि सगळंच सुचायला लागलं. पांढरी चादर ताणून धरली, ती भोकाजवळ नेली, तसं झाड लहान होत गेलं आणि लखलखीत झालं. अगदी जवळ नेल्यावर ते सासूबाईंच्या दोन हातांत मावलं, पानांसकट, हलतं. तान्ह्या बाळाला धरावं तसं त्यांनी ते धरलं. फोटो काढायला गेलं तर नुसता अंधार यायचा. शेवटी सिस्टरनं फोन उशांच्या ढिगाऱ्यावर टेकवला, कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा राहील असं काहीसं त्यात शोधून काढलं, आणि सासूबाईंना भिंतीपुढे बसवलं. "श्वास घ्या, पण हलू नका." फोटोत गळती पानं आलीच नाहीत. पण सासूबाईंच्या पांढऱ्या केसांवर, कपाळावर, गालांवर फांद्या उमटल्या होत्या. त्या स्वतःकडे कितीतरी वेळ बघत बसल्या.

सफरचंदं अर्थातच करपली. करपलेल्या कडा बाजूला सारून दोघींनी ती त्याच अंधारात, एकाच ताटलीतून खाल्ली. मेकॅनिक घरी आला तेव्हा ऊन कलत होतं आणि भिंतीवरचं झाड तांबूस झालं होतं.

"अंधारात काय करताय दोघी?" म्हणत तो आत आला, आणि बूट न काढताच मटकन खाली बसला. मग तो खिडकीकडे बघत म्हणाला, "उद्या बुजवून देतो ते भोक."

"हात तर लावून बघ!" दोघी एकदमच म्हणाल्या.

त्यानंतर दुपारी सासूबाई रोज अर्धा तास हळूच येऊन पलंगाच्या पायथ्याशी बसू लागल्या. फोटो काढत नसत, नुसत्या बघत. छताशी उलटी चालणारी माणसं, उलटी कुत्री, उलटी हातगाडी. एकदा त्या पुटपुटल्या, "कशी मजेत हिंडतात बघ," आणि सुस्कारा टाकून उठल्या.

मेकॅनिकच्या सुट्टीच्या दिवशी सिस्टरला जाग आली तेव्हा घर शांत होतं. पातेल्याचा आवाज नाही, वास नाही. तिनं हाक मारली. उत्तर आलं नाही. ती उठणार तोच तिची नजर भिंतीवर गेली.

वर, छताच्या जवळ, दोन माणसं रस्ता ओलांडत होती. एक रुंद खांद्यांचं. दुसरं लहानखुरं, हिरव्या शालीतलं, एक पाऊल टाकून थांबणारं, मग दुसरं टाकणारं. ती चाल सिस्टरनं दवाखान्यात महिनाभर बघितली होती, तिचा आधार होऊन.

हिरवी शाल फुटपाथच्या कडेशी अडली, तिनं पायानं चाचपलं, वर चढली. मुलाचा हात सोडला. आणि एकटीच, पिवळ्याच्या मध्यात जाऊन उभी राहिली. पानं तिच्या अंगावरून तरंगत जात होती. मग त्या एवढ्याशा आकृतीनं, अंगठ्याएवढीसुद्धा नसेल, हात उंच करून हलवला.

अंधाऱ्या खोलीत, एकटीच उभी राहून, सिस्टरनंही भिंतीकडे हात हलवला. डोळे भरून आले होते. मग तिनं फळ्यांचं झाकण ओढून काढलं, लख्ख उजेड आत घुसला, भिंत पुन्हा नुसती भिंत झाली. खिडकी उघडून ती ओरडली, "आई! थांबा तिथेच, मी आले!"

चपला उलटसुलट घालून ती जिना उतरली. सासूबाई झाडाच्या बुंध्याला हात टेकून उभ्या होत्या, गाल लाल, श्वास फुललेला.

"म्हटलं, भिंतीवर जरा फिरून यावं," त्या म्हणाल्या.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. एकेका पायरीला वाटली. दोनदा परत फिरणार होते, विचार याला." त्यांनी मुलाकडे बोट केलं. "पण रोज बघून बघून वाटायला लागलं, मीही तिथली कुणीतरी आहे."

सिस्टरनं मान वर केली. दुपारच्या उन्हात ती या झाडाखाली किती वर्षांनी उभी होती, तिला आठवेना. पानं गळताना आवाज करतात, हेही ती विसरली होती. देठ सुटतानाचा बारीक टिक, मग फांदीफांदीला घासत खाली येणं, मग जमिनीवरच्या पानांत मिसळून जाणं. सगळीकडून, न थांबता. त्या खोलीतल्या चित्रात सगळं होतं, हे मात्र नव्हतं.

"ऐका," ती म्हणाली.

तिघंही ऐकत राहिली. येणारीजाणारी माणसं त्यांच्याकडे वळून बघत होती. मेकॅनिकनं हळूच विचारलं, "खुर्ची आणू का? तीत बसवून वर नेतो."

"इतक्यात नको," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी शाल नीट अंगाभोवती लपेटून घेतली.