टाकीबाबा आणि ताईंची डिझेल गाडी

पेट्रोल पंपाशेजारच्या मोकळ्या जागेत मुंगीला शिरायला वाव नव्हता. जो तो टाचा उंचावून बघत होता. मधोमध टाकीबाबांची जुनी डिझेल गाडी, तिच्यावर एक हात ठेवून खुद्द बाबा, आणि बाबांच्या दुसऱ्या हातात पेट्रोलचा डबा.

"वास घ्या," बाबा म्हणाले.

पुढच्या पाचसहा नाकांनी वास घेतला आणि पेट्रोलच असल्याची ग्वाही दिली. बाबांनी अख्खा डबा गाडीत रिकामा केला, डोळे मिटून काहीबाही पुटपुटले आणि चेल्याला खूण केली. गाडी झोकात सुरू झाली, एक चक्कर मारून जागेवर आली आणि तिथेच गुरगुरत उभी राहिली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"पेट्रोल म्हणजे चंचल मन," बाबा सांगू लागले, "आणि डिझेल म्हणजे स्थिर बुद्धी. मी फक्त मनाची बुद्धी करतो. बाकी करणारा तो."

तो म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. दक्षिणा ऐच्छिक होती. ऐच्छिक म्हणजे किती, ते चेला कानात सांगायचा.

गर्दीत दातांची एक डॉक्टर उभी होती. चमत्कारामुळे नव्हे, नवऱ्यामुळे. त्याने आज थोरल्या बहिणीची नवीकोरी डिझेल गाडी मागून आणली होती. घरची गाडी पेट्रोलची, तेव्हा पंपावर काच खाली करून साहेबांनी सवयीने फर्मावलं, "पेट्रोल, फुल." झाकणावरचं 'डिझेल' त्याने वाचलं ते टाकी काठोकाठ भरल्यावर. गॅरेजवाल्याने फोनवर बजावलं होतं, "किल्लीला हात लावू नका, मी येऊन टाकी उपसतो." म्हणून दोघांनी गाडी ढकलत बाजूला आणली, ती नेमकी बाबांच्या दारात. संध्याकाळी ताई गाडी न्यायला येणार होत्या, आणि ताईंच्या जिभेला घरात सगळेच टरकून असत.

"अगं, पाच मिनिटांचं काम," नवरा खिशातली किल्ली चाचपत म्हणाला. "बाबांनी हात ठेवला की गाडी चालू. ताईला कळणारसुद्धा नाही."

"आणि इंजिनाला कळलं तर?"

"तुझं आपलं काहीतरीच. डोळ्यांनी बघितलंस ना?"

बघितलं होतं खरं. पण "डॉक्टर, कुठेच दुखत नाही हो" म्हणणाऱ्यांच्या मागच्या दाढा बघण्यात तिचा जन्म चालला होता. तिने बाबांकडे बघायचं सोडून सरळ त्यांच्या गाडीच्या खिडकीत डोकं घातलं. इंधनाचा काटा तळाशी पडून होता.

"बाबा, एक विचारू? अख्खा डबा ओतलात, मग काटा का हलला नाही?"

बाबा मधाळ हसले. "बाळ, श्रद्धेचं माप काट्याला कुठून कळणार?"

"पण डब्यात तर पेट्रोल होतं. सगळ्यांनी वास घेतला की."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबांचा आवाज चढला. "शंका घेतली की गाडी वाटेत बंद पडते. आजवर ज्यांच्या पडल्या, त्या शंकेनेच पडल्या."

"म्हणजे पडतात तर," ती म्हणाली.

तिने इंजिन बंद करायला लावलं, किल्ली स्वतःकडे घेतली, पर्समधून दात तपासायचा आरसा आणि छोटी बॅटरी काढली आणि कपड्यांची पर्वा न करता गाडीखाली डोकं घातलं. इंधन ओतायची नळी टाकीकडे जायची सोडून डिकीकडे वळली होती.

"डिकी उघडा," ती गाडीखालूनच म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं. चेला टुणकन डिकीवर चढून बसला. दोन धट्ट्याकट्ट्या ट्रकवाल्यांनी त्याला अलगद उचलून बाजूला ठेवलं. आत मऊ गादी, गादीखाली पिंप आणि पिंपात आत्ताच ओतलेलं पेट्रोल. टाकीत बिचारं डिझेलच होतं. लोक पोट धरधरून हसले.

"पण माझी गाडी इथून सुरू होऊन गेली होती," एक गृहस्थ कळवळून म्हणाले. "पुढच्या चौकात मेली."

"इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत थोडं जुनं डिझेल उरलेलं असतं, तेवढ्यावर ती चालते," गॅरेजवाल्याकडून ऐकलेलं डॉक्टरने सांगितलं. "मग पेट्रोल आत शिरतं. डिझेलमुळे इंजिनातल्या इंधन ढकलणाऱ्या पंपाला वंगण मिळतं, पेट्रोल ते धुऊन टाकतं. लोखंडावर लोखंड घासून चुरा होतो आणि तो इंजिनभर पसरतो. बाबांना फक्त चौकापर्यंतच चमत्कार करायचा असतो."

तोवर बाबा पसार झाले होते. पायीच, कारण किल्ली डॉक्टरच्या हातात होती.

गॅरेजवाल्याने ताईंच्या गाडीची टाकी उपसली, धुतली, डिझेल भरलं. मगच किल्ली फिरली आणि इंजिन खणखणीत सुरू झालं. नवऱ्याच्या जिवात जीव आला.

"आता ताईला सांगायची काय गरज?" तो म्हणाला.

"नाही सांगितलंत तर तुमच्यात आणि त्या बाबात फरक काय?"

संध्याकाळी ताई आल्या. नवऱ्याने सांगून टाकलं, "ताई, मी तुझ्या गाडीत पेट्रोल भरलं होतं. चालू नाही केली. टाकी धुऊन घेतली."

ताईंनी त्याला असा फैलावर घेतला की शेजारचे खिडकीत आले. लहानपणापासूनचा एकेक वेंधळेपणा उकरून काढला. मग दमून म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. चहा टाक."

एक टाकीबाबा पळाला, दुसरा येईलच. "तुमची चूक झाकून देतो" म्हणणाऱ्याला गिऱ्हाइकांचा तोटा नसतो. म्हणून एवढं करा: चूक झाली तर आधी थांबा, कळणाऱ्याला विचारा, डोळ्यांना दिसलं तरी काटा हलला का ते बघा, आणि घरी खरं सांगून टाका. बोलणी खाऊन आजवर कुणाचं इंजिन जाम झालेलं नाही.