आठ दातांचा भाव

मिस्त्रीनं डॉक्टरबाईंच्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि कोपऱ्याशी थांबवला.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"टेबल. पट्टी नीट बसलेली नाही. सहा महिन्यांत अख्खी निघून हातात येईल."

"बाबा," शेजारच्या खुर्चीतून मुलगी म्हणाली, "आपण दातांसाठी आलोय."

डॉक्टरबाई हसल्या. मिस्त्री हसला नाही. लाकडावर लाकडाचा पातळ पापुद्रा चढवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि त्या पापुद्र्याला विनियर म्हणतात. मुलगी घरी म्हणाली, समोरच्या आठ दातांवर विनियर बसवायचंय, तेव्हा तो ताटावरून हात थांबवून म्हणाला होता, "मग मी येतो. विनियरमधलं तुला काय कळतंय?" दोघंही ठसका लागेपर्यंत हसली होती. पण तो आला मात्र खरंच. पैसे मुलीच्याच कमाईचे होते. कंपनीत नव्या माणसांना शिकवायचं काम तिला नुकतंच मिळालं होतं. तरी पहिल्या आकड्याला हो म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"एका दाताला बारा हजार," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नखाएवढ्या तुकड्याला?"

"नखाएवढाच, आणि नखासारखाच पातळ."

"मग तर कमी व्हायला पाहिजेत."

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. दातावर बसणारा चिनीमातीचा प्रत्येक तुकडा वेगळा घडवावा लागतो, एकावर एक थर देऊन भट्टीत भाजावा लागतो, आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. मिस्त्रीनं मान डोलावली. हाताच्या कामावर तो घासाघीस करत नसे.

"ते सोडा. खालचं काय? गुळगुळीत दातावर तसंच चिकटवत नसणार तुम्ही. घासत असाल."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हो. साधारण अर्धा मिलिमीटर. हे फारसं कुणी विचारत नाही."

"आणि उद्या नको वाटलं, काढून टाकलं, तर?"

"घासलेलं परत येत नाही. एकदा बसवलं की कायमचं त्याच वाटेवर. दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागतं. हिचं वय सव्वीस, म्हणजे आयुष्यात तीन-चार वेळा तरी."

मिस्त्री विजयी चेहऱ्यानं मुलीकडे वळला. "ऐकलंस? बारा हजार हा नुसता बयाणा आहे."

"माहीत आहे," मुलगी शांतपणे म्हणाली. "सगळं वाचून आलेय मी."

मग ती आतल्या खुर्चीवर आडवी झाली. डॉक्टरबाईंनी दिवा ओढला आणि ओठ वर केला. समोरच्या दातांवर तपकिरी डाग होते, मधल्या दोघांवर जास्त, चहा सांडून वाळल्यासारखे. मिस्त्रीला ते नवे नव्हते, पण इतक्या उजेडात त्यानं ते कधी बघितले नव्हते. त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं.

"लहानपणी घासायला नको असायचं हिला. मी पहाटे उठवायचो, मीठ लावून घासायला लावायचो, समोर उभा राहायचो. काही उपयोग नाही. माझे बघा." त्यानं आपले दात दाखवले. पन्नाशी उलटली तरी एकसारखे, पांढरेशुभ्र.

"लहानपणी कुठे राहायचात तुम्ही?"

हा प्रश्न मिस्त्रीला आवडला. "खाणीच्या वसाहतीत. तीनशे घरांची दारं-खिडक्या माझ्या हातच्या आहेत. त्याच्याएवढं काम मला पुन्हा मिळालं नाही. ही दोन वर्षांची होती गेलो तेव्हा, नऊची झाली तेव्हा परतलो."

"पाणी कसलं होतं?"

"बोअरचं. थंडगार! फ्रीज लागला नाही कधी."

"मग घासण्याचा काही संबंध नाही," डॉक्टरबाई कागदावर लिहीत म्हणाल्या. "काही ठिकाणी जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. हिरडीच्या आत दात तयार होत असताना ते पाणी पोटात गेलं, तर दात डाग घेऊनच बाहेर येतात. कितीही घासा, निघत नाहीत."

"मी पण तेच पाणी प्यायलो."

"तुमचे दात तेव्हा तयार झालेले होते."

डॉक्टरबाई लिहीत राहिल्या. मिस्त्रीनं हात मांड्यांवर ठेवले. त्याला वसाहतीतली मोरी दिसली, थंडीत कुडकुडणारे दोन खांदे, फेसात उतरलेली रक्ताची तार. आणि वरून आपलाच आवाज ऐकू आला. अजून. अजून घास.

"आठही बसवा," तो म्हणाला. "पैसे मी देतो. एक पैसा कमी करू नका."

मुलगी खुर्चीत उठून बसली. "पैसे माझे आहेत, बाबा."

तो तिच्याकडे वळला. वाचून आलेय, असं ती मघाशी म्हणाली होती.

"तुला माहीत होतं?"

तिनं कागदी रुमालानं ओठ पुसले. "अकरावीत कळलं. एका पुस्तकात फोटो होता. अगदी असेच दात."

"बोलली नाहीस."

"काय बोलायचं? तोवर तुम्ही ओरडायचं सोडलं होतंत. आणि तिथे आपण मजा मारायला थोडेच गेलो होतो? पोटापाण्यासाठीच गेलो होतो ना?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्यातलं 'पाणी' तिचं तिलाच ऐकू आलं, आणि तिच्या ओठाचा कोपरा हलला. मिस्त्रीला हसता आलं नाही.

डॉक्टरबाईंनी लिहिलेला कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, कडेच्या सहा दातांवरचे डाग फार खोल नाहीत. औषधानं बरेच उजळतील. मधल्या दोघांना मात्र विनियरच लागेल.

"मग दोनच," मुलगी म्हणाली. "बाकीचे उजळतील तेवढे उजळू देत."

"थोडे डाग राहतील."

"राहू देत. वीस माणसं माझं बोलणं ऐकायला बसतात. हे दोन मध्ये येतात, तेवढे बाजूला करा म्हणजे झालं."

करायचं तर पूर्ण कर, हे वाक्य मिस्त्रीच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

मदतनीस बाईंनी रंगांची पट्टी आणली. वेगवेगळ्या छटांचे सोळा नकली दात एका ओळीत. डॉक्टरबाईंनी दिव्याखाली त्यातला एक पुढे केला. मिस्त्री उठला.

"दिव्याखाली नका ठरवू. दिव्यात रंग फसवतो. खिडकीपाशी चला."

डॉक्टरबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि हातमोजे पुढे केले. ते त्याच्या जाड बोटांत कसेबसे चढले. मुलगी खिडकीशी येऊन उभी राहिली. त्यानं पट्टी तिच्या ओठांजवळ नेली, मान तिरकी केली, एक पाऊल मागे गेला, परत पुढे आला.

"हा नको, फार उठून दिसतोय." तो पुढे सरकला. "हा मेलेला वाटतो." सातव्यावर तो थांबला. "हा बरा. का हा?"

बराच वेळ झाला, तशी मुलगी ओठ मिटू लागली.

"थांब," तो हळूच म्हणाला. "मिटू नकोस. अजून नीट बघितले नाहीत मी."