सिनेमात कोण जेवलं

"दिवा लावायला हात मोडलेत का यांचे? भिंतीचा रंग कुठला, तेसुद्धा कळेना."

ही कुरकुर फौजदारणीच्या अगदी कानाशी झाली. पडद्यावर बिचारी नायिका अंधाऱ्या खोलीत बसून कसलंसं मोठं दुःख गिळत होती, पण फौजदारणीचं लक्ष तिच्यावरून उडालं ते उडालंच. कारण कुरकुर करणारा तिचा नवरा होता, आणि मध्यंतर होऊन वीस मिनिटं झाली तरी तो जागा होता.

तेवीस वर्षांच्या संसारात असं घडलं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर खाली-वर करून थकलेला. थिएटरातली खुर्ची पाठीला लागली की जाहिराती संपायच्या आत त्याचा कुंभकर्ण व्हायचा. मध्यंतराला उठून पॉपकॉर्न खायचा, पुन्हा झोपायचा आणि बाहेर पडताना म्हणायचा, "बरा होता." जुना असो, नवा असो, हसवणारा असो की रडवणारा, मत एकच. आणि आता हा भिंतीचा रंग विचारत होता.

परतीच्या बसमध्ये तर त्यानं कहरच केला. कुणी न विचारता म्हणाला, हल्लीच्या सिनेमात माणसं सारखी चालत चालत बोलतात. जुन्यात वाईट बातमी आली की माणूस आधी खुर्ची शोधायचा, टेकायचा आणि मग रडायचा. आपल्यालाही कळायचं, बाबा, याचे पाय गेले. फौजदारणीनं विचारलं, जुने कुठले, जुन्यांना तर तुम्ही घोरत होतात. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, असंच, वाटलं आपलं.

हे वाटणं त्याचं नव्हतं. उसना शर्ट कितीही चापूनचोपून घातला तरी खांद्यावरून उतरतोच, तसं ते मत त्याच्या अंगावरून उतरत होतं. कुणाचं तरी होतं ते. कुणाचं?

तिला फौजदारीण हे नाव लाँड्रीच्या मालकानं दिलं होतं. एकोणीस वर्षं ती तिथल्या काउंटरवर उभी होती. आलेला प्रत्येक कपडा झटकायचा, खिसे उलटे करायचे, डाग कशाचा ते ओळखून चिठ्ठी लावायची, हे तिचं काम. कोट हातात घेतला की कुणाचा नवरा शनिवारी कुठे होता ते तिला कळे. ती बोलत मात्र नसे, गिऱ्हाइकाचं गुपित गिऱ्हाइकाच्या गाठोड्यात. पण दुसऱ्यांच्या घरात पाणी कुठे मुरतं हे ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातली ओल दिसणार नाही, असं कसं होईल?

पहिला पुरावा निळ्या शर्टाची डावी बाही. गुरुवार हा नवऱ्याचा सुट्टीचा दिवस. गुरुवारचा शर्ट शुक्रवारी धुवायला पडला की त्या बाहीवर कोपराच्या वर चुण्या असत. साध्या चुण्या नव्हेत. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. कुणीतरी दंड धरलेला, आणि तोही बराच वेळ, भार टाकून. तिनं घाई केली नाही. लागोपाठ चार गुरुवार तपासले, चारही वेळा तीच बाही आणि तीच बोटं. लिफ्टच्या खड्ड्यात कुणी कुणाचा दंड धरत नाही. दंड धरतात तो रस्त्यानं जोडीनं चालताना. तिनं स्वतः नवऱ्याचा दंड शेवटचा कधी धरला होता, ते आठवायला तिला मुलीच्या जन्मापर्यंत मागे जावं लागलं, तेव्हा तिनं आठवणं सोडून दिलं.

दुसरा पुरावा खिशातली वही. तळहाताएवढी, लिफ्टच्या कंपनीनं फुकट वाटलेली. न्हाणीघरात नळ सोडून ती वाचायला बसली.

"ती खिडकीपाशी. हिरवा कोट. बराच वेळ काही बोलत नाही. मग हात धरला. जेवण नाही."

खाली दुसऱ्या तारखेला, "आज जिन्यावर. केस मोकळे. दोनदा हसली. वळून बघितलं नाही. जेवण नाही."

फौजदारणीनं नळ आणखी मोठा सोडला. बाईला हिरवा कोट होता. बाई हसत होती, तेही मोजून. आणि हा गडी, ज्याला बायकोनं नवे पडदे लावल्याचं सहा महिन्यांनी कळलं, तो परक्या बाईचे केस मोकळे होते की बांधलेले ते लिहून ठेवत होता! तिला त्यातल्या त्यात एकच समाधान होतं, जेवायला तरी नेत नव्हता.

थेट विचारायचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं आधी सासूबाईंना आडून आडून चाचपलं. ज्या सासूबाई समोरच्या इमारतीतल्या मांजरीच्या बाळंतपणावर तासभर बोलत, त्यांनी मिठाची गुळणी धरली. चष्मा पुसला, काच उजेडात धरली, पुन्हा पुसला. मग लेकीला विचारलं. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, जीभ आईवर गेलेली. ती म्हणाली, बाबांना या वयात एखादा छंद लागला तर बिघडलं काय? तो छंद हा शब्द फौजदारणीला तीन दिवस माशाच्या काट्यासारखा टोचत राहिला. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हिरवा कोट सासूला ठाऊक, लेकीला ठाऊक, एकटी तीच आंधळी कोशिंबीर खेळत होती.

रविवारी दुपारी टीव्हीवर जुना काळा-पांढरा सिनेमा लागला. चौघंही एका खोलीत होती. सासूबाई मटार सोलत होत्या, लेक जमिनीवर लोळत होती, फौजदारीण बटणं लावायच्या निमित्तानं नवऱ्याकडे बघत होती. पडद्यावर कर्जात बुडालेलं एक कुटुंब टेबलाभोवती बसलं. म्हाताऱ्यानं पावाचे तुकडे केले, प्रत्येकापुढे एकेक ठेवला, आणि सगळे मुकाट्यानं खायला लागले. बराच वेळ काहीच झालं नाही, नुसते चमचे वाजत राहिले.

"हे बघा," नवरा रंगात येऊन म्हणाला, "जुन्यात माणसं जेवायची. चावून, गिळून, खरा घास. नव्यात ताट वाढतात, दोन टोचरी वाक्यं बोलतात आणि खुर्ची सरकवून निघून जातात. अरे, त्या अन्नाचं काय झालं?"

सासूबाईंच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. लेक हळूच म्हणाली, "बाबा." नवऱ्यानं तोंड मिटलं. पण बाण सुटला होता.

फौजदारणीनं सुई कापडात खोचून ठेवली. सिनेमात कोण जेवलं, हे विचारणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता.

तिचे वडील कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते. एकतीस वर्षं चारशे माणसांना दोन वेळा वाढलं. सिनेमाचं त्यांना फार वेड होतं असं नाही. महिन्याकाठी एखादा बघायचे, स्वस्तातल्या रांगेत बसून. पण ती शाळकरी असताना मैत्रिणींबरोबर सिनेमा बघून घरी आली की त्यांचा पहिला प्रश्न नायक कोण, गाणी कशी, हा नसे. ते विचारत, "जेवले का ते?" जेवले म्हटलं की सिनेमा चांगला. आई हसायची. म्हणायची, तुम्ही सिनेमाला जाता की जेवणावळीला?

त्या वडिलांचं नाव या घरात सहा वर्षं कुणी काढलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी आई अकरा दिवस दवाखान्यात होती. अकराव्या दिवशी दुपारी वडील म्हणाले, घरी जाऊन आंघोळ करून येतो. फौजदारीण एकटी उशाशी बसली. आई सारखी दाराकडे बघत होती. पाच वाजता तिनं बघायचं थांबवलं. वडील साडेसहाला आले. सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं त्यांचे कपडे धुवायला घेतले आणि सवयीनं खिसा उलटा केला, तर आत सिनेमाचं अर्धं फाडलेलं तिकीट. त्याच दिवशीचं, तीनच्या खेळाचं. तिनं ते वडिलांच्या पुढ्यात ठेवलं. ते बोलले नाहीत. तीही बोलली नाही. चपला घालून निघाली ती पुन्हा त्या उंबऱ्याला पाय लावला नाही. नवऱ्याला आणि सासूबाईंना तिनं एकदाच सांगितलं, आणि त्या दिवसापासून सगळ्यांनी त्या विषयाला वळसा घालून जायचं ठरवून टाकलं, रस्त्यातल्या उघड्या गटाराला घालतात तसा.

सोमवार, मंगळवार, बुधवार ती गप्प होती. हिरवा कोट गेला होता, पण राग गेला नव्हता. उलट दुसऱ्या बाईशी निदान भांडता आलं असतं. गुरुवारी तिनं मालकाकडून अर्ध्या दिवसाची रजा मागितली. आई गेल्यापासून सहा वर्षांत न मागितलेली रजा मागते म्हणजे कुणीतरी गेलं असावं, असं समजून त्यानं काही न विचारता दिली. ती बसमध्ये बसली आणि शेवटच्या थांब्यावर उतरली.

माहेरच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीचा रंग उडालेला, कडी तीच. खिडकी उघडी होती आणि आतून नवऱ्याचा आवाज येत होता. घरी दिवसाला वीस शब्द बोलणारा माणूस धडाधड बोलत होता.

"तर आता ती जिन्यावर उभी आहे. हिरवा कोट."

"कसला हिरवा?" वडिलांचा आवाज. बारीक झालेला, पण तोच.

"हिरवा म्हणजे... हिरवा."

"कोथिंबिरीचा की शेवाळाचा?"

नवरा अडखळला. म्हणाला, बहुधा शेवाळाचा, अंधार होता. वडिलांनी सुस्कारा टाकला. म्हणाले, तुमच्या सांगण्यावरून नवा सिनेमा म्हणजे अंधारात कोट घालून उभी राहिलेली माणसं, एवढंच हाती लागतं. आता दोष त्यांचा की सांगणाऱ्याचा, देव जाणे. मग आवाज खाली आणून, आशेनं विचारलं, "बरं, जेवले का?"

"नाही."

"मग राहू द्या."

फौजदारीण खिडकीशी सरकली. वडील खुर्चीत बसले होते, तोंड खिडकीकडेच होतं. तिच्याकडे बघत होते आणि बघत नव्हते. नवऱ्यानं पुढे केलेला कप त्यांनी आधी चाचपला, कडेवरून बोट फिरवलं, मग उचलला. चहा पिऊन झाल्यावर उठायला हात पुढे केला आणि नवऱ्याचा डावा दंड धरला, कोपराच्या वर. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. शर्ट निळाच होता.

एकोणीस वर्षांत ओळखायला चुकलेला तिचा हा पहिला डाग.

तिनं दार ढकललं. नवरा रंगेहाथ पकडलेल्या चोरासारखा जागच्या जागी थिजला. वडिलांनी मान तिरकी केली.

"कोण?"

नवरा बोलेना. तीही बोलेना. वडील थोडा वेळ ऐकत राहिले आणि हळूच परत खुर्चीत टेकले.

"बोलत नाही, म्हणजे माझीच लेक."

तिनं नवऱ्याला विचारलं, कधीपासून. तो खाली बघत सांगत राहिला. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या दवाखान्यातली लिफ्ट बिघडली म्हणून तो गेला होता. लिफ्ट ठणठणीत होती. आत एक म्हातारा उभा होता, त्याला बटण सापडत नव्हतं आणि मजला कुणाला विचारायची लाज वाटत होती. डोळे तीन वर्षांपासून जात होते, आता गेलेच. दोघांना बोलायला काही विषय नव्हता, म्हणून सिनेमा. एकदा त्यांना थिएटरात घेऊनही गेला होता, पण कानात कुजबुजून सांगतो म्हणून मागच्या रांगेनं दोघांना बाहेर काढायला लावलं. मग वही केली. तिला सांगणार होता, रोज सांगणार होता. आईनं आणि पोरीनंही बजावलं होतं, आज नको, उद्या बघू.

फौजदारीण आईच्या जुन्या स्टुलावर बसली. ते अजून तसंच एका पायानं डुगडुगत होतं. नवऱ्याला वाटलं, आता आपणच काहीतरी सावरून घ्यावं.

"अगं, ते तिकीट... त्या दिवशी आईंनीच त्यांना पाठवलं होतं. बघून या आणि मला गोष्ट सांगा, असं..."

वडिलांनी हात वर केला. चारशे माणसांची रांग थांबवायचे, तसा.

"तुम्ही थांबा, जावईबापू. अर्धं सांगू नका." त्यांनी तोंड स्टुलाच्या दिशेनं वळवलं. "तुझी आई जात होती तेव्हा मी सिनेमाला बसलो होतो. ती म्हणाली होती जा, हे खरं. पण तिनं म्हटलं नसतं, तरी मी गेलो असतो. तिला मरताना बघायचं धाडस नव्हतं माझ्यात."