चुकलं, बंद करा ना ते

कॅसेटवाल्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. आधी तो गाणी भरून द्यायचा. घरोघरी टीव्ही आले तेव्हा सिनेमे भाड्याने द्यायला लागला, मग तेही बसलं. त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. धंदा म्हटला की असं चालायचंच. बायको जाऊन आठ महिने झाले होते, दुःख त्याचं होतं.

तिने एकदाच गाणं भरलं होतं, दुकानाच्या मागच्या खोलीत. मध्येच एक ओळ चुकली आणि ती ओरडली, "अहो, चुकलं! बंद करा ना ते!" मग हसली आणि पुढे गाणं पूर्ण केलं. त्याने ते पुसलं नाही. ती गेल्यावर मुलीने ते गाणं आईच्या नावानिशी नेटवर टाकलं.

आज एक गिऱ्हाईक कव्हर बघता बघता मोबाइलवर कुणाचा तरी गेम बघत होतं. खेळणारा मेला आणि मोबाइलमधून कॅसेटवाल्याची बायको ओरडली, "अहो, चुकलं! बंद करा ना ते!" गिऱ्हाईक खो खो हसलं.

शटर ओढून तो तडक घरी आला.

"काढून टाक ते गाणं."

"मी काढलं तर माझंच जाईल, बाबा. तो तुकडा लाखभर लोकांनी उचललाय."

"कुणाला विचारून?"

"तुम्ही जन्मभर लोकांची गाणी भरून दिलीत. कुणाला विचारलं होतंत?"

तो खाली बसला. बोलून गेल्यावर मुलीचाही चेहरा पडला.

"दाखव तरी, काय करतात तिचं ते."

तिने एक व्हिडिओ लावला. एक माणूस बंदूक घेऊन गल्लीबोळांतून पळत होता. गोळ्या चुकवत होता, काही केल्या मरत नव्हता. कॅसेटवाला पुढे सरकला. "मर की लेका," तो पुटपुटला आणि स्वतःच चपापला.

माणूस मेला. ती ओरडली. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

"आणि अख्खं गाणं?" त्याने विचारलं. "ते किती जणांनी ऐकलं?"

"अकरा वेळा वाजलंय."

"त्यातलं तू किती वेळा ऐकलंस?"

 मोबाइल पालथा ठेवून मुलगी पदराने डोळे टिपायला लागली.

"राहू दे मग," तो म्हणाला. "काढू नकोस."