बुडबुडा आला नाही

“मॅम, तांबं तं काहीच नाही करून राहिलं,” परखनळीला डोळा लावून सरिता म्हणाली.

“त्याले घाई नाही,” प्रेमिला म्हणाली.

प्रेमिलाचा दहावीचा विज्ञानाचा तास होता. एकाच लांबी-जाडीच्या तारा दिव्याला जोडून झाल्या होत्या: तांब्यावर दिवा लख्ख, ॲल्युमिनियमवर जरा कमी, लोखंडावर मलूल. आता सौम्य आम्लात जस्त फसफसत होतं, लोखंड आळसावून बुडबुडे सोडत होतं. तांबं ढिम्म.

मागच्या बाकावर संस्कृतच्या अरुंधती मॅडम बसल्या होत्या. विज्ञानासाठी नव्हे, पंख्यासाठी. नागपुरात एप्रिलमध्ये माणूस कुठलाही विषय शिकतो.

तास संपल्यावर त्यांनी आपल्या मुलाने आणलेली तांब्याची बाटली पुढे केली. “आई म्हणायची, तांब्यात आंबट कळकतं. पण इथे तर ॲसिडमध्ये बुडबुडासुद्धा आला नाही. म्हणजे लिंबू चालेल ना? उद्या संकष्टी आहे.”

प्रेमिलाला माहीत होतं की बुडबुडे न येताही लिंबू, हवा आणि वेळ मिळाला की तांबं हळूहळू पाण्यात उतरतं आणि पोटाला बाधतं. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तिला आपला गृहप्रवेश आठवला. घर बांधून झाल्यावर सगळ्या स्टाफला जेवायला बोलावलं होतं. अरुंधती मॅडमनी पाण्याचा पेलासुद्धा ओठाला लावला नव्हता. “आज माझा उपास आहे हो.” तासाभराने प्रेमिलाच्या नवऱ्याने, देवरावांनी, त्यांना चौकात तर्री-पोहे खाताना पाहिलं. वरून तर्री मागून घेत होत्या.

“तुमच्या डोळ्यांसमोरच तं दाखवलं, मॅडम,” प्रेमिला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत तांब्याच्या बाटलीत सकाळी भरलेलं लिंबूपाणी संपलं आणि लगेच उलटून परतही आलं. मोरीतून अरुंधती मॅडम भिंत धरत स्टाफरूममध्ये आल्या. नळाला टाकीचं उकळतं पाणी. टेबलावर प्रेमिलाची स्टीलची बाटली. त्यांनी विचारलं नाही. तोंड लावून प्यायल्या, घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत.

प्रेमिला उत्तरपत्रिका तपासत राहिली.

जरा बरं वाटल्यावर मॅडमनी डबा उघडला. “वाचवलंत हो तुम्ही. राजगिऱ्याचा लाडू घ्या ना. घरचा आहे.”

“नको. आज माझा उपास हाये.”

प्रेमिलाच्या घरात छप्पन सालच्या दीक्षेपासून कुणी उपास धरला नव्हता, हे शाळेच्या शिपायालाही माहीत होतं. अरुंधती मॅडमचा हात डब्यासकट तसाच पुढे राहिला. घंटा झाली तेव्हाही तिथेच होता.

“बाटली ठेवा तुमच्यापाशीच,” प्रेमिला जाताना म्हणाली.

संध्याकाळी देवरावांनी तिची पिशवी उचलली. “काहून वं, डबा तसाच?”

“उपास होता.”

“आपल्याकडं? कोणाचा?”

“अरुंधती मॅडमचा. वापस करून आली.”

देवरावांनी डबा उघडला. मग त्यातली सकाळची वांग्याची भाजी त्यांनी कढईत ओतली आणि गॅस पेटवला. भाजी गरम होईपर्यंतही प्रेमिलाला धीर धरवला नाही. ती कढईतूनच खायला लागली.